आखूड करंगळी

डोंगराच्या पायथ्याशी स्कीचं सामान भाड्याने देणारं दुकान आहे, आणि त्याच्या मागच्या अंगाला एक लांबट, बिनखिडकीची खोली. चारही भिंतींना पोकळ नळ्यांच्या खुंट्या, आणि खालच्या यंत्रातून त्या नळ्यांत गरम वारा सोडलेला. दिवसभर बर्फात लोळून आलेले बूट आणि हातमोजे या खुंट्यांवर उलटे चढवायचे, की सकाळपर्यंत कोरडे ठणठणीत. ही खोली जिच्या ताब्यात आहे तिला सगळे वाळवणबाई म्हणतात. हे नाव ठेवणाऱ्याला वाटलं होतं बाई चिडेल. "वाळवतेच ना मी? मग बरोबर आहे," एवढंच ती म्हणाली, आणि पुढे बरेच दिवस त्या माणसाचे बूट यंत्रापासून सगळ्यात लांबच्या खुंटीवर लावले. बिचारा ओल्या पायांनी शिंकत हिंडला.

माणसांविषयी तिचं मत चांगलं नव्हतं, आणि ते तिने ऐकीव गोष्टींवरून बनवलेलं नव्हतं. यंत्रावर काटा होता, तो आतला ओलावा दाखवायचा. बाईचा त्याच्यावर कवडीचा विश्वास नाही. ती प्रत्येक हातमोज्यात स्वतःचा हात घालायची, बोटाबोटात बोट सारून टोकापर्यंत चाचपायची, आणि मगच "झाला" म्हणायची. त्यामुळे दुकानातल्या लोकांना गिऱ्हाइकं बाहेरून दिसत, हिला आतून कळत. कोण नखं खातो, कोण अंगठी काढून खिशात ठेवून मजा मारायला येतो, कोण हातमोज्यानेच नाक पुसतो, सगळं तिला ठाऊक. इतकं ठाऊक असल्यावर माणसांवर प्रेम करणं अवघडच.

बॅटरीचे हातमोजे आले तेव्हा तर तिच्या तोंडाला नवं काम मिळालं. मनगटापाशी चेन, चेनच्या आत चपटी बॅटरी, हाताच्या पाठीवर बटण. एकदा दाबलं की लाल दिवा, म्हणजे कडक. पुन्हा दाबलं की पिवळा, म्हणजे मध्यम. मग हिरवा, म्हणजे नुसती ऊब. "हाताला चूल?" पहिली जोडी बघून ती म्हणाली. "एवढी थंडी वाजते तर घरी बसावं. डोंगर काय आमंत्रण द्यायला आला होता? उद्या टोपीला बॅटरी लावा, परवा चड्डीला लावा!" एका गृहस्थाची बॅटरी उताराच्या मध्यावर संपली, तर तो दोन्ही हात वर धरून रडत खाली आला. हात काखेत घालावेत एवढंही त्याला सुचलं नव्हतं. बॅटरी संपली तशी अक्कलही संपली, असं बाईने त्याच्या तोंडावर सांगितलं आणि मालकाची बोलणी खाल्ली.

दुकानाच्या काउंटरवर एक बोलघेवडा माणूस होता, बाईला मावशी म्हणायचा. त्याला या हातमोज्यांचं भारी कौतुक. एकदा उत्साहाने एक हातमोजा उलटा करून तो म्हणाला, "मावशी, आत बघा तरी! केसाएवढी बारीक तार आहे, ती प्रत्येक बोटाच्या कडेने..."

"तुझं तारेचं पुराण गिऱ्हाइकांना सांग," बाई म्हणाली. "मला हे वाळवायचेत. यांच्याशी सोयरीक नाही जमवायची."

त्याने हातमोजा सुलटा करून ठेवून दिला. बाईला वाटलं, जिंकले.

घरी तिच्या या तिरस्काराला एक हक्काचा भागीदार होता, तो म्हणजे नवरा. तो डोंगरावर जाणाऱ्या खुर्च्यांच्या लिफ्टवर कामाला. खुर्ची फिरून आली की हाताने आवरायची, माणसांना बसवायचं, आडवा दांडा खाली ओढून द्यायचा. त्याला सगळा डोंगर पोलादी म्हणायचा. तरुणपणी एकदा लिफ्टचा दोर बर्फाने आखडला आणि एक लहान मुलगी अधांतरी अडकली. यानं जाड हातमोजे काढून फेकले, खांबावर चढला आणि उघड्या हातांनी बर्फ खरवडून दोर मोकळा केला. खाली लोकांनी टाळ्या वाजवल्या. झालं! माणसाला एकदा टाळ्या मिळाल्या की तो जन्मभर त्याच जागी उभा राहतो. त्या दिवसापासून यानं हाताला कापड म्हणून लावलं नाही. बर्फ पडो, गारा पडोत, पोलादी उघड्या हातांनी लोखंडी खुर्च्या धरणार, आणि येणारेजाणारे "अरे वा!" म्हणत फोटो काढणार. त्या "अरे वा"वर त्याचं पोट भरायचं. जेवायला बसल्यावर नवरा-बायको मिळून बॅटरीवाल्यांना यथेच्छ नावं ठेवायचे. बाकी त्यांचं फारसं कशात जमत नसे, पण या एका बाबतीत अगदी एका सुरात हसायचे.

एक गोष्ट मात्र बाई हसण्यावारी नेऊ शकली नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात तिने हिरव्या लोकरीचे हातमोजे विणले आणि डबा द्यायला गेली तेव्हा लिफ्टवर नेऊन दिले. पोलादीने ते चार माणसांत दोन बोटांनी उचलून धरले आणि म्हणाला, "मांजरीला घाल."

माणसं हसली. घरात मांजर नव्हतं.

दुसरी कुणी असती तर लोकर चुलीत घातली असती. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही ही म्हण नवऱ्याला लावणारी ही बाई स्वतः काही कमी पिळाची नव्हती. दर उन्हाळ्यात ती ते हातमोजे उसवायची, लोकर धुऊन गुंडाळायची, आणि थंडी पडायच्या आत नवे विणायची. वाळवणखोलीतली दाराजवळची शेवटची खुंटी त्या जोडीची. हिवाळाभर ते तिथे गरम होत पडलेले. मालक म्हणायचा, एक खुंटी फुकट अडते. बाई म्हणायची, अडू दे. कुणासाठी आहेत, हे कुणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. कधीतरी तो येईल, हात पुढे करील, एवढ्याचसाठी ते होते. येत नव्हता, म्हणून ती जगाला शिव्या देत होती. जगाला देणं सोपं पडतं.

मग नवऱ्याची बोटं बिघडायला लागली. आधी नुसती बधिर व्हायची. मग थंडीत मेणबत्तीसारखी पांढरी पडू लागली, मग निळी, आणि पूर्ववत व्हायला वेळ लागू लागला. शर्टाची बटणं लावता येईनात. सकाळी बाई लावून द्यायची, आणि पोलादी छताकडे बघत उभा राहायचा, जणू बटणं दुसऱ्या कुणाची आहेत. डॉक्टरने हात उलटसुलट करून पाहिले आणि सरळ सांगितलं, "हा हिवाळा उघड्या हातांनी काढलात तर बोटं जातील. मग कापण्याशिवाय माझ्याकडे इलाज नाही."

बाहेर पडल्यावर पोलादी म्हणाला, "त्याच्या खोलीत हीटर होता, पाहिलास? हीटरजवळ बसून डोंगराच्या गोष्टी सांगतो."

"बोटं गेल्यावर काय नाकाने खुर्च्या आवरणार आहात?" बाई म्हणाली. तिला खरं तर रस्त्यातच रडू येत होतं. पण या बाईच्या भीतीला रागाशिवाय दुसरी वाट माहीत नव्हती.

त्यावर या शहाण्याने काय करावं? लिफ्टच्या वरच्या ठाण्यावर बदली मागून घेतली. म्हणे, खालचं काम आता नव्यांनी शिकावं. वर तर वारा नुसता अंगात घुसतो! बाईने आकांत केला, अबोला धरला, हिरवे हातमोजे पुन्हा एकदा त्याच्या जेवणाच्या डब्याखाली ठेवून पाहिले. ते तसेच परत आले. मग रोज रात्री ती मुकाट्याने त्याच्या बोटांना गरम तेल चोळायला लागली. आणि काय आश्चर्य! ऐन हिवाळ्यात बोटांचा रंग सुधारला. एका सकाळी त्याने स्वतःची बटणं स्वतः लावली. बाईने मनातल्या मनात तेलाला आणि स्वतःला शाबासकी दिली. दुकानात दोन दिवस कुणाला टाकून बोलली नाही, तर काउंटरवाल्याला वाटलं, मावशी आजारी आहे.

एका संध्याकाळी पाऊस आणि बर्फ एकत्र पडून सगळा डोंगर भिजला होता. खुंट्या भरल्या. सगळ्यात शेवटी काउंटरवाला एक जोडी पाठीमागे लपवून आला. बॅटरीचे, काळे, भारी.

"मावशी, हे एका गिऱ्हाइकाचे. सकाळी लवकर हवेत. मीच लावू का खुंटीवर?"

"तू कधीपासून खुंट्यांना हात लावायला लागलास?" बाईने जोडी हिसकावली. तो उगाच जरा घुटमळला आणि निघून गेला.

तिने बॅटऱ्या काढून ठेवल्या आणि सवयीने डाव्या हातमोज्यात हात घातला. अंगठा, ओला. पुढची तीन बोटं, ओली, आतलं अस्तर वापरून मऊ झालेलं. करंगळी... करंगळी अर्ध्यापर्यंत तशीच मऊ, आणि पुढे टोक कोरं. दुकानातून आणलं तसं ताठ, कधी कुणाचं बोट तिथे पोचलंच नव्हतं.

बाईचा हात आतच राहिला. लिफ्टवर लागल्या लागल्या पोलादीच्या डाव्या करंगळीचं पेर चक्रीत गेलं होतं. लग्नात त्याचा हात हातात आला तेव्हा तिला सगळ्यात आधी कळली होती ती ही आखूड करंगळी. तिने हातमोजा नाकाशी नेला. तिनेच चोळलेल्या तेलाचा वास आला.

ती उपड्या खोक्यावर बसली. आधी, खरं सांगायचं तर, तिला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. बोटं वाचणार होती. याने हात झाकले होते, कशाने का होईना. मग हळूहळू बाकीचं डोक्यात शिरलं. म्हणजे तेलाचा गुण नव्हता तर! म्हणजे वरचं ठाणं मागितलं ते नव्यांनी शिकावं म्हणून नव्हे, वर हाताकडे बघत थांबायला कुणी नाही म्हणून! रोज माझ्यासमोर बसून बॅटरीवाल्यांना हसत होता, आणि खिशात हे! मांजर डोळे मिटून दूध पितं ते हेच. आणि माझ्या लोकरीने काय घोडं मारलं होतं? यंत्राची ऊब चालते, बायकोची चालत नाही?

तिला त्याची फजिती करायची होती, पण एक शब्दही न बोलता. त्या रिकाम्या टोकाकडे बघता बघता तिला युक्ती सुचली. शिवाय काळजीही होतीच, ती काही केल्या जात नव्हती. हे रिकामं टोक खुर्चीच्या दांड्यात अडकलं तर? एक पेर चक्रीने खाल्लंय तेवढं पुरे. तिने बुटांचा मेणवलेला दोरा घेतला, करंगळीचं टोक आत दुमडलं आणि दुहेरी टाक्यांनी घट्ट शिवून टाकलं. मध्ये एका जागी सुई कशाला तरी अडली. बाईने अंगुस्तान लावून रेटली, गेली. काम बघून ती खूष झाली. सकाळी हात घालील आणि कळेल, आपल्या करंगळीचं माप जगात कुणाला ठाऊक आहे ते. मग येईल संध्याकाळी खाली मान घालून.

सकाळी पोलादी तिच्या आधी निघाला. ती खोलीत आली तेव्हा जोडी गेलेली होती. हवा स्वच्छ आणि दगडासारखी थंड, वारा सुटलेला. बाई मुद्दाम काउंटरपाशी गेली.

"काय रे, गिऱ्हाइकाला शिवण आवडली का?"

"कसली शिवण?"

"करंगळीची. टोक दुमडून शिवलंय मी. गिऱ्हाइकाचं बोट आखूड आहे ना जरा."

काउंटरवाल्याने हातातला बूट खाली ठेवला. चोरी उघडी पडल्याचं त्याला भानही नव्हतं. "मावशी, शिवलंत? आरपार? अहो, तार टोकापर्यंत जाते! एका बोटात तुटली की आख्खा हात बंद. मी सांगत होतो तुम्हाला तेव्हा..."

बाईला सुई अडलेली आठवली.

आयुष्यभर दुसऱ्याची अक्कल काढली, आणि स्वतःची कुठे होती? ऐकून घेतलं असतं त्या दिवशी, तर जीभ झडली असती का? डॉक्टरचे शब्द तिच्या कानात जसेच्या तसे वाजायला लागले. काउंटरवाल्याने वरच्या ठाण्याला फोन लावला, बोलला, आणि फोन ठेवत म्हणाला, "काका म्हणतात, सगळं ठीक आहे."

"म्हणणारच," बाई म्हणाली. "बोट गळून खाली पडलं तरी ठीकच म्हणेल तो मेला!"

ती खोलीत गेली, शेवटच्या खुंटीवरचे हिरवे हातमोजे काढले आणि गरमच्या गरम पोलक्यात खुपसले. वरून कोट चढवला. आणि जी बाई इतक्या वर्षांत त्या लिफ्टच्या खुर्चीत एकदाही बसली नव्हती, "जिवंत माणसाने टांगून का घ्यावं" असं म्हणायची, ती धावत जाऊन रांगेत घुसली. तिच्या कोपरांपुढे कुणी काही बोललं नाही. खुर्चीने तिला मागून गुडघ्यात ठोसलं आणि ती उचलली गेली. शेजारी बसलेल्या तरुणाच्या हातांत लाल दिवे लागलेले होते. एरवी तिने त्याला वर पोचेपर्यंत सोलून काढला असता. आज तिने फक्त विचारलं, "एक हात बंद पडला तर बोट किती वेळ टिकतं?"

"कुणाचं?" तो घाबरून म्हणाला.

तिला खाली बघवत नव्हतं, म्हणून ती छातीशी धरलेल्या गरम लोकरीवर हात दाबून डोळे मिटून बसली. वर पोचल्यावर उतरायचं कसं हे तिला माहीत नव्हतं. सगळे सरकन उतरले, ही बसूनच राहिली. कुणीतरी ओरडलं, लिफ्टची घंटा वाजली, खुर्ची झटका खाऊन थांबली आणि एका हाताने तिला दंडाला धरून खाली ओढलं. काळा हातमोजा, पाठीवर लाल दिवा.

"तू?" पोलादी म्हणाला. त्याचा डावा हात काखेत होता.

"दाखवा हात."

त्याने उजवा पुढे केला.

"तो नाही. दुसरा."

खुर्च्यांवरून उतरलेली माणसं थांबून बघत होती. एरवी पोलादीने माणसं बघतायत म्हणून छाती काढली असती. आता त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच काखेतला हात बाहेर काढला. बंद पडलेला हातमोजा तिने ओढून काढला. बोटं मधल्या पेरापर्यंत पांढरीफटक होती. बाईने ती दोन्ही हातांत धरली, तोंडाजवळ नेऊन वाफ घातली, मग सरळ स्वतःच्या मानेशी, कोटाच्या आत घातली. बर्फाचे तुकडे लागावेत तसं तिला झालं.

"तार मी तोडली," ती म्हणाली. "मला माहीत नव्हतं. मला तुमची फजिती करायची होती."

"शिवण बघितली मी," तो म्हणाला. "सकाळीच कळलं."

"मग खाली का नाही आलात?"

का ते त्याने सांगायची गरज नव्हती. तिला ठाऊक होतं. खाली यायचं म्हणजे बायकोसमोर बॅटरीचा हातमोजा दुरुस्तीला ठेवायचा. त्यापेक्षा याला बोटं घालवणं सोपं वाटलं होतं. असल्या माणसाबरोबर तिने जन्म काढला होता. आणि आपण कसल्या, हेही तिला आज चांगलंच कळलं होतं.

थोड्या वेळाने त्याने दात आवळले. बोटांत कळा यायला लागल्या होत्या, टोकं लाल होत होती. "दुखतंय?" तिने विचारलं. त्याने मान हलवली. "दुखू द्या," ती म्हणाली, "म्हणजे जिवंत आहेत." आणि मग तिने पोलक्यातून हिरवा हातमोजा काढून त्याच्या हातावर चढवला. एकेक बोट जागच्या जागी गेलं. करंगळी शेवटी गेली आणि टोकाला टेकली. पुढे रिकामं असं काहीच नव्हतं.

पोलादी हाताकडे बघत राहिला. मूठ मिटून पाहिली, उघडून पाहिली.

"याची करंगळी आखूड आहे," तो म्हणाला.

"पहिल्या हिवाळ्यापासून आखूडच विणतेय," बाई म्हणाली. "मांजरीच्या मापाने थोडीच विणली होती?"

लिफ्ट पुन्हा सुरू झाली होती. एक खुर्ची आली, माणसं उतरून गेली, मग रिकाम्या खुर्च्या फिरून खाली जायला लागल्या. माफी मागणं पोलादीच्या रक्तात नव्हतं. त्याने उजव्या हाताचा हातमोजा दातांत धरून ओढून काढला, दिवा लागलेला तसाच बर्फात टाकला आणि तोही हात तिच्यापुढे धरला.

बाईने त्या हाताकडे पाहिलं. याचसाठी तिने इतके हिवाळे एक खुंटी अडवून ठेवली होती. मग तिने वाकून बर्फातला हातमोजा उचलला, झटकला आणि त्याच्या छातीवर आपटला.

"वेड लागलंय का? हा चालू आहे ना, हा घाला मुकाट्याने. डॉक्टरने बोटं सांभाळायला सांगितलीत, बायकोची मर्जी नाही."

त्याने मुकाट्याने घातला.